पिकअपचा गिअरबॉक्स: उतरवण्याआधी, उतरवताना आणि परत चढवताना

‘भाऊ, गाडी रेस लेस, पन वढत नही.’ या एका वाक्यावर खान्देशात कितीतरी गिअरबॉक्स विनाकारण खाली उतरले असतील. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही, हे बहुतेक वेळा क्लच प्लेटचं, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सला जोडणाऱ्या चकतीचं, दुखणं असतं. पण गाडी गॅरेजवर उभी राहिली की शेजारचा कुणीतरी ‘बॉक्स गेला’ म्हणून मोकळा होतो, मालकाला घाम फुटतो, आणि दुपारपर्यंत बॉक्स जमिनीवर आलेला असतो. म्हणून या लेखाचा निम्मा भाग पाना हातात घेण्याच्या आधीचा आहे.

ज्यांनी नुकतीच जुनी पिकअप घेतली आहे, किंवा गॅरेजवर नवीन हात बसवायला लागले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डोळ्यासमोर आपल्याकडे रावेर, यावल, चोपड्याच्या रस्त्यांवर केळी आणि कापूस ओढणाऱ्या गाड्या आहेत: बोलेरो पिकअप, जुनी मॅक्स, टाटा २०७. मागची चाकं ओढणाऱ्या, हाताने गिअर टाकायच्या गाड्या. ऑटोमॅटिकवाल्यांसाठी मधे एक तुकडा वेगळा आहे.

आधी दुखणं कुठलं ते बघा

पहिली तपासणी क्लचची. सपाट जागा, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, समोर कोणी उभं नाही. गाडी चालू करून तिसरा किंवा चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. प्लेट चांगली असेल तर इंजिन जागीच बंद पडतं. पाय पूर्ण उचलला तरी इंजिन आरामात चालतंय, तर प्लेट घसरते आहे. ही तपासणी एकदाच करा. पुन्हा पुन्हा करून बघाल तर होती नव्हती ती प्लेटही जळेल. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना केबिनमध्ये जळका, तिखट वास येत असेल, तर तपासणीचीही गरज नाही.

दुसरी तक्रार: गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना कर्रकर्र वाजतं. इथे एक सोपी फोड आहे. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत लोण्यासारखे पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. बॉक्सला हात लावू नका. क्लचच्या डबीत ऑइल किती आहे ते बघा. खाली बॉक्सच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडर असतो, पेडलचा दाब तिथे येऊन क्लच सोडवतो; त्याचं रबर बोटाने उचला. आत ओल दिसली तर आतल्या रबरांचं किट गेलं. एकाला पेडल दाबायला बसवा आणि तुम्ही खालून क्लचच्या फोर्कचा दांडा बघा. दांडा जेमतेम हलत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा पेडलजवळचा मास्टर सिलिंडर दाब देत नाही. केबलवाली जुनी गाडी असेल तर केबल ताणली गेली आहे का आणि पेडलला थोडी ढील आहे का, एवढंच बघायचं.

बंद गाडीतही गिअर अडत असेल, तर गिअरच्या दांड्याकडे वळा. या गाड्यांत दांडा थेट बॉक्सच्या वरच्या झाकणावर बसतो, आणि त्याच्या बुडाशी प्लास्टिकची बुश असते. ती झिजली की दांडा डावीकडे-उजवीकडे डुलतो, ड्रायव्हरला पहिला टाकायचा असतो आणि तिसरा पडतो. ही बुश केबिनमधून, बॉक्स न उतरवता बदलता येते.

एकच गिअर टाकताना खरखर होते, बहुधा दुसरा, आणि बाकी सगळे व्यवस्थित पडतात? मग मात्र आतली सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडण्याआधी दोघांचा वेग जुळवणारी पितळी रिंग, झिजली आहे. चालता चालता गिअर सुटून न्यूट्रल होतो? त्यात शंका तीन. आतली बॉल-स्प्रिंग, गिअर सरकवणारा झिजलेला फोर्क किंवा दाते, आणि तिसरी, जी लोक विसरतात, ती म्हणजे फाउंडेशनची रबरं, ज्यांवर इंजिन आणि बॉक्स बसतात. बॉनेट उघडून, ब्रेक दाबून ठेवून, पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडायला लावा आणि बाजूने बघा. इंजिन एका बाजूने उठल्यासारखं होत असेल तर आधी नवी रबरं टाका.

आता आवाज, कारण खरी मजा इथेच आहे. कान चांगला असेल तर अर्धं निदान न्यूट्रलमध्येच होतं. गाडी न्यूट्रलमध्ये चालू, पाय क्लचवरून काढलेला, आणि खालून घरघर येते. पेडल दाबलं की बंद होते. हे टॉप शाफ्टचं (इंजिनकडून ताकद आत आणणारा) किंवा लेयर शाफ्टचं (ती ताकद बाकी गिअरना देणारा) बेअरिंग. उलट, पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवायला आत ढकलणारं. रस्त्यावर पहिला, दुसरा, तिसरा गिअर कण्हतो आणि चौथ्यात गाडी शांत होते, तर लेयर शाफ्टकडे बोट दाखवा. या पाच गिअरच्या बहुतेक बॉक्समध्ये चौथा गिअर सरळ असतो, ताकद टॉप शाफ्टमधून थेट मेन शाफ्टला, म्हणजे मागे बाहेर पडणाऱ्या शाफ्टला, जाते आणि लेयर शाफ्टवर भार येत नाही. आवाज गिअर कुठलाही असला तरी गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, न्यूट्रल करून सोडली तरी येतोच, तर बॉक्स निर्दोष आहे. मग प्रोपेलरचे (बॉक्समधून मागे ताकद नेणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचे वळणारे सांधे, त्याचं सेंटर बेअरिंग, मागच्या धुरीतली क्राउन किंवा चाकाचं बेअरिंग बघा. गाडी उचलताना खालून ‘टक’ असा एकच ठोका येणं, ही क्रॉसची जुनी खूण.

ऑइल काय सांगतं

बॉक्स उघडण्याआधी ऑइल बघायचंच. गाडी थोडी फिरवून आणा म्हणजे ऑइल पातळ होईल. मग आधी वरचा, बाजूला असलेला भरायचा प्लग सोडवा, नंतर खालचा. हा क्रम पाळा. खालचा आधी उघडला, सगळं ऑइल सांडलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच अडकली.

पातळी वरच्या भोकाच्या काठापर्यंत हवी. बोट आत घालून खाली वाकवलं आणि टोकाला ऑइल लागलं नाही, तर ऑइल कमी आहे. खालच्या प्लगवर लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्यासारखा गाळ दिसेल. तो नेहमीचाच, घाबरू नका. त्यात पिवळी चमक असेल तर पितळ, म्हणजे सिंक्रो रिंगा झिजताहेत. पापुद्रे निघाले तर बेअरिंग. दात्याचा तुकडा निघाला तर पुढची चर्चा संपली, बॉक्स उतरवा.

ऑइल चहासारखं दुधट दिसलं तर आत पाणी गेलंय. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली की असं होतं. आणि आपल्याकडची खास गोष्ट: बॉक्सच्या डोक्यावर एक छोटा ब्रीदर असतो, आतली गरम हवा बाहेर सोडायला. काळ्या मातीच्या शेतातून केळीचे घड भरून आणणाऱ्या गाडीत हा ब्रीदर चिखलाने असा लिंपला जातो की तो आहे हेही दिसत नाही. हवेला वाट राहत नाही, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास गेला की आतला दाब वाढतो, आणि ऑइल सीलमधून बाहेर येतं. लोक सील बदलतात, महिन्याभरात पुन्हा गळती. ब्रीदर खिळ्याने खरवडून, डिझेलने धुऊन मोकळा केला असता तर तेवढ्यात भागलं असतं.

ऑइल कुठलं टाकायचं ते गाडीच्या पुस्तकात असतं, तेच टाका. डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ असे दोन प्रकार लिहिलेले असतात. क्राउनला लागणारं जीएल-५ जास्त दाब सहन करतं म्हणून ‘भारी’ समजून बॉक्समध्ये ओततात. पण त्यातली काही रसायनं पितळाला खातात आणि सिंक्रोची पकडही बिघडवतात. पुस्तकात जीएल-४ असेल तर जीएल-४च.

ऑटोमॅटिक असेल तर

मोठ्या शहरातून सेकंडहँड आलेल्या ऑटोमॅटिक गाड्या आता धुळे-जळगावातही दिसतात. त्यातल्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांबद्दल हे: क्लच पेडल नाही, क्लच प्लेट नाही; इंजिन आणि बॉक्सच्या मधे ऑइलमधून ताकद पुढे देणारा टॉर्क कन्व्हर्टर, आणि सगळा खेळ ऑइलच्या दाबाचा. गाडी ओढत नसेल तर पहिलं काम ऑइल तपासणं. डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांत इंजिन चालू, बॉक्स गरम, दांडा पार्किंगला, अशा स्थितीत बघतात. चांगलं ऑइल लालसर. काळपट-तपकिरी आणि जळका वास असेल तर आतल्या क्लचच्या चकत्या जळल्या आहेत. गिअर उशिरा पडणं, डी मध्ये टाकल्यावर दोन क्षण थांबून झटका बसणं, हेही त्याचंच कुटुंब. डॅशबोर्डवर दिवा लागला असेल तर आधी स्कॅनर लावा. वायर किंवा सोलेनॉइडचं (ऑइलची वाट उघडबंद करणारी विजेची झडप) काम असेल तर बॉक्स उतरवावा लागत नाही.

बदलायचाच असेल तर दोन गोष्टी पाळा. रेडिएटरकडे जाणाऱ्या कूलरच्या नळ्या आणि कूलर धुऊन काढा, नाहीतर जुन्याचा कचरा नव्या बॉक्सला खाईल. आणि टॉर्क कन्व्हर्टर आधी बॉक्सच्या पंपात पूर्ण आत बसवा. फिरवत फिरवत ढकलला की तो टप्प्याटप्प्याने आत जातो. अर्धवट बसलेला असताना बोल्ट आवळले तर पंप तिथेच फुटतो. या बॉक्सचं आतलं काम मात्र रस्त्याकडेच्या गॅरेजचं नाही, ते माहीतगाराकडेच द्या.

उतरवताना

जागा कोबा केलेली हवी. निंबाची सावली कितीही छान असली तरी खाली काळी माती असेल तर जॅक रुततो, आणि खाली माणूस झोपलेला असतो. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, उभी करा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट, म्हणजे चाक सरकू नये म्हणून ठोकळे, लावा. आदल्या दिवशी खालून धुऊन घेतली तर डोळ्यात माती पडत नाही आणि बॉक्समध्येही जात नाही.

१. बॅटरीची निगेटिव्ह काढा. स्टार्टरची जाड तार थेट बॅटरीवर असते. पाना टेकला तर ठिणगी उडते.

२. ऑइल काढून घ्या. वरच्या क्रमाने.

३. केबिनमधून दांड्याचं रबर आणि दांडा काढा. उघड्या भोकात स्वच्छ फडकं कोंबा. एक नट आत पडला तर आख्खा बॉक्स उघडावा लागतो.

४. प्रोपेलर काढण्याआधी तो जिथे बोल्टने जोडतो त्या दोन्ही फ्लँजवर ऑइल पेंटने किंवा पंचाने एक आडवी खूण करा. परत बसवताना खुणेला खूण जुळली पाहिजे, नाहीतर गाडी साठच्या पुढे थरथरते आणि मग नवीन बॉक्सला शिव्या बसतात. सेंटर बेअरिंगचा पट्टाही सोडवा.

५. रिव्हर्सच्या दिव्याची वायर, स्पीडोमीटरची केबल किंवा सेन्सर, मग स्टार्टर. सायलेन्सरचा पाइप आड येत असेल तर क्लॅम्प सोडा.

६. स्लेव्ह सिलिंडर नळीसकट काढून बाजूला तारेने बांधा. नळी उघडायची गरज नाही. आता पेडलला कोणी पाय लावायचा नाही, पिस्टन बाहेर उडून येतो. लहान मुलं आसपास असतील तर केबिन बंद ठेवा.

७. इंजिनच्या चेंबरखाली (बुडाची ऑइलची टाकी) लाकडाची फळी ठेवून दुसरा जॅक लावा. पत्र्याच्या चेंबरला जॅक थेट टेकवला तर ते आत दबतं. बॉक्स निघाल्यावर इंजिन मागे झुकतं, ते या फळीवर थांबेल.

८. बॉक्सखाली जॅक घ्या, मग क्रॉस मेंबर, म्हणजे बॉक्स ज्यावर टेकतो ती चॅसिसची आडवी पट्टी, काढा.

९. आता बेल हाउसिंगचे, म्हणजे बॉक्स इंजिनला जोडणाऱ्या घंटेसारख्या पुढच्या भागाचे, बोल्ट. वरचे दोन हाताला येत नाहीत. लांब एक्स्टेन्शन आणि गोटी पाना लागतो. बोल्टची लांबी सारखी नसते. पुठ्ठ्यावर हाउसिंगचा गोल काढा, भोकं पाडा आणि जो बोल्ट जिथला तिथे खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर हाउसिंगच तडकतं.

१०. बॉक्स सरळ रेषेत मागे ओढायचा. हलकं डावं-उजवं हलवलं की सुटतो. टॉप शाफ्ट प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत वजन जॅकवरच राहू द्या. अर्धा निघालेला बॉक्स खाली लोंबकळला की प्लेटचा मधला भाग वाकतो. निदान दोन माणसं हवीत. छातीवर झेलायचा हा ऐवज नव्हे.

आत काय बघायचं

बॉक्स निघाल्यावर लगेच त्याच्या मागे लागू नका, आधी फ्लायव्हीलकडे, म्हणजे इंजिनच्या मागच्या जड चकतीकडे, बघा. निळे डाग आणि बारीक केसासारख्या चिरा असतील तर ती तापली आहे. डाग वरवरचे असतील तर लेथवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करून, घ्या. चिरा खोल असतील तर बदला. क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या पात्या एका उंचीवर आहेत का आणि टोकाला खाच पडली आहे का, बोट फिरवून बघा.

प्लेटवर ऑइल असेल तर ते कुठलं, हे नाकाने ओळखता येतं. इंजिनचं ऑइल काळं आणि पातळ, जळक्या डिझेलसारखा वास. गिअर ऑइल जाड, चिकट, आणि त्याला गंधकाचा तो उग्र दर्प, जो हाताला दोन दिवस राहतो. पहिलं असेल तर क्रँकची मागची सील गेली, दुसरं असेल तर टॉप शाफ्टची. सील न बदलता नवी प्लेट टाकलीत तर ती भिजणार हे लिहून ठेवा.

एवढं सगळं उघडलं आहे तर रिलीज बेअरिंग, क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंग आणि दोन्ही सील बदलून टाका, जुने बरे दिसत असले तरी. मजुरी पुन्हा तीच लागणार असते, आणि हे भाग मजुरीपेक्षा स्वस्त असतात. यावर मालकाशी वाद झाला तरी मी मागे हटत नाही.

दुरुस्त करायचा की दुसरा टाकायचा

बेअरिंग, सील, सिंक्रो रिंगा एवढंच गेलं असेल तर दुरुस्ती परवडते. पितळी रिंगेच्या आत बारीक आटे असतात. ते नखाला लागत नाहीत इतके गुळगुळीत झाले असतील तर रिंग गेली. गिअरचे दाते तुटले असतील तर जोडीचा गिअरही बदलावा लागतो, एकट्या नव्या गिअरचं जुन्याशी जमत नाही, तो आवाज करतो. आणि बेअरिंगची बैठक ढिली झाली असेल, किंवा हाउसिंगला तडा असेल, तर मात्र दुसरा बॉक्स बघा.

भंगारातून बॉक्स घेताना आपली क्लच प्लेट सोबत न्या. टॉप शाफ्टवर ती सरकवून बघा. शाफ्टवरचे आटे, म्हणजे लांबट खाचा, जुळले नाहीत तर तिथूनच परत फिरा. मग हाउसिंगची भोकं, बॉक्सची लांबी, मागची फ्लँज आणि स्पीडोमीटरची जागा आपल्याशी ताडून घ्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुवर्षांत बॉक्स बदललेले असतात, त्यामुळे ‘बोलेरोचाच आहे भो’ यावर विसंबू नका. सगळे गिअर टाकून हाताने शाफ्ट फिरवा, अडकतो का बघा. टॉप शाफ्ट वर-खाली हलवा. किंचित हालचाल चालते, खडखड नको. आत उरलेलं ऑइल बोटावर घ्या आणि उन्हात धरून पितळ चमकतं का बघा. आरसी बुकावर इंजिन आणि चॅसिसचा नंबर असतो, बॉक्सचा नसतो. तरी बिल घ्याच. चोरीच्या गाडीचा माल निघाला तर पोलिसांना दाखवायला तेवढाच कागद असतो. परत घेण्याची बोली झाली असेल तर ती त्याच बिलावर लिहून घ्या.

परत चढवताना

प्लेटला दोन बाजू असतात. स्प्रिंगचा फुगीर भाग साधारणपणे बॉक्सकडे येतो, आणि बऱ्याच प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू छापलेलीही असते. वाचा. उलटी बसली तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं. प्लेट मध्यात धरायला अलाइनमेंटचा दांडा नसेल तर भंगारातला जुना टॉप शाफ्ट वापरा. बहुतेक गॅरेजवर तो कोपऱ्यात पडलेला असतोच. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत न्या. शाफ्टच्या आट्यांना ग्रीसचा नुसता हात लावा, जास्तीचं पुसून काढा. उडालेलं ग्रीस प्लेटवरच बसतं.

बॉक्स जॅकवर घेऊन इंजिनच्या रेषेत आणा. गिअरमध्ये ठेवून मागची फ्लँज हाताने जरा फिरवली की आटे जुळतात आणि बॉक्स आपोआप आत सरकतो. बोटभर फट राहिली आणि पुढे जात नसेल तर थांबा. बोल्ट आवळून त्याला आत ओढायचा मोह सगळ्यांना होतो, आणि त्यातच प्लेट किंवा हाउसिंग जातं. बाहेर घ्या, प्लेट मध्यात आहे का ते बघा, पुन्हा लावा.

बाकी सगळं काढलं त्याच्या उलट क्रमाने. ऑइल भोकातून ओघळेपर्यंत भरा. ते भरेपर्यंत स्टिअरिंगला एक चिठ्ठी बांधून ठेवा: ‘बॉक्समध्ये ऑइल नाही’. गॅरेजवर गाडी हलवायला कोण कधी चढेल याचा नेम नसतो.

क्लचच्या लाइनमधून हवा काढल्यावर मागची चाकं घोड्यांवर अधांतरी ठेवून, पुढच्या चाकांचे ओट न काढता, एकेक गिअर टाकून बघा. मग मोकळी गाडी रस्त्यावर. आधी गावातल्या गावात, नंतर हायवेवर, चौथा-पाचवा लागेपर्यंत. परत आल्यावर रात्रभर खाली पुठ्ठा टाकून ठेवा; सकाळी डाग कुठे पडला यावरून कुठली सील गळते ते कळतं. पहिले काही दिवस भरलेली गाडी कन्नड घाटात किंवा कोंडाईबारीच्या घाटात नेऊ नका, नवी प्लेट बसायला वेळ लागतो. शंभरेक किलोमीटरनंतर प्रोपेलरचे आणि क्रॉस मेंबरचे बोल्ट एकदा पाना लावून बघा. दुरुस्त केलेल्या बॉक्सचं पहिलं ऑइल मी हजार किलोमीटरच्या आसपास काढतो, कारण नव्या भागांचा कीस त्यात उतरलेला असतो. ते काढताना चुंबकाकडे पुन्हा नजर टाका: राखाडी गाळ ठीक, पिवळी चमक दिसली तर सिंक्रो कोणी बसवल्या त्याला बोलवा.